जीप गावात नेली तेव्हा

आप्पासोनं दूध डेअरीच्या अलीकडं जीप थांबवली आणि इंजिन चालू ठेवूनच मागं वळून विचारलं,

"ताई, गाडी हितंच लावू का? पुढं चालत जाता येईल."

"राहू दे, आप्पासो. घरापर्यंत घ्या," माया म्हणाली. "परत फिरायला उशीर होतोय."

तो काय सुचवतोय ते तिला कळलं होतं. दवाखान्याची नेहमीची गाडी दुरुस्तीला गेलेली, म्हणून आज प्रचाराची जीप मिळाली होती. तिच्या दोन्ही दारांवर लाल रंगात 'एड्स टाळा' असं ठळक लिहिलं होतं. पण सकाळपासून ऊन डोक्यावर घेऊन माया फिरत होती, चपलेचा अंगठा उसवला होता, आणि हे शेवटचं गाव होतं. आप्पासोनं गिअर टाकला.

डेअरीच्या पायरीवर किटल्या घेऊन माणसं बसली होती. मायानं खिडकीतून विचारलं,

"नाथाजी हवालदारांचं घर कुठं आलं?"

एकानं हात करून देवळामागची गल्ली दाखवली. बाकीच्यांची नजर तिच्याकडं नव्हती. ती गाडीच्या दारावर होती.

नाथाजी फौजेत ड्रायव्हर होता. निवृत्त होऊन आपल्या या गावी, वडजाईला आला, वाटणीच्या रानात ऊस लावला, आणि मागच्या पावसाळ्यात खोकला धरला तो सुटेना. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात छातीचा क्षय निघाला, आणि त्याच्याखाली दुसरा आजार. डॉक्टर सबनीसांनी त्याला आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. त्या दुसऱ्या आजारावरचं औषध आमच्याकडं नाही. मुंबईत मिळतं म्हणतात, पण ते तुमच्या-माझ्या आवाक्यातलं नाही. क्षय मात्र बरा होतो. गोळ्या चुकवायच्या नाहीत, इथं येत राहायचं, म्हणजे तुम्ही बरेच दिवस कामाधामात राहाल.

नाथाजी दर गुरुवारी येत असे. घरी पेन्शनचं काम सांगून यायचा. भिंतीकडं तोंड करून, टोपी गुडघ्यावर ठेवून बसायचा. दवाखान्याची समाजसेविका म्हणून त्याच्याशी बोलणं मायाचं काम होतं, आणि प्रत्येक वेळी ती एकच सांगायची,

"वहिनींना सांगा आता. त्यांचंही रक्त तपासायला हवं."

"सांगतो," तो म्हणायचा आणि फरशीकडं बघत राहायचा.

त्याच्या परवानगीवाचून ती स्वतः काही सांगू शकत नव्हती. तो नियम होता आणि तिला तो पटतही होता.

संक्रांतीनंतर तो यायचा बंद झाला. डॉक्टर सबनीस म्हणाले, "अर्ध्यात सोडलेला क्षय उलटला तर आपल्या गोळ्यांना दाद देणार नाही. माणूस हातचा जाईल. काहीही करा, पण त्याला आणा."

म्हणून ती आली होती.

जीप दारात थांबली तेव्हा नाथाजी सोप्यात विळ्याला धार लावत बसला होता. त्यानं आधी मायाला पाहिलं. मग तिच्या खांद्यावरून मागं पाहिलं. विळा त्यानं सावकाश खाली ठेवला.

"आवं, पेन्शनच्या हापिसातनं आलाय व्हय?" तो गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला. "या, बसा. क्रांते, पाणी आण गं."

"हो," माया म्हणाली. "कागद अपुरे आहेत तुमचे."

विशीतली एक मुलगी तांब्या घेऊन आली. हसऱ्या तोंडाची, हाताला नव्या बांगड्या. तिच्यामागून नाथाजीची बायको बनुबाई चहाचं आधण ठेवू का विचारून गेली. दोघी आत वळल्याबरोबर नाथाजी पुढं झुकला.

"पोरीची सोयरीक जुळतीया," तो घशातल्या घशात बोलला. "पोरगा शिरवळला कंपनीत हाय. पावणं घडी घडी येत्यात, सारखं गुरुवारचं कुटं जातासा म्हणून इचारत्यात. लगीन हुईस्तवर थांबावं म्हटलं. मग येणारच हुतो मी."

"मला निरोप तरी पाठवायचात."

"निरोप कुणाजवळ द्यायचा, ताई?"

बाहेर शाळेतून परतणाऱ्या दोन मुली जीपपाशी थांबल्या होत्या आणि दारावरची अक्षरं एकेक करून मोठ्यानं वाचत होत्या. डेअरीवरची दोघं-तिघं गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी होती. नाथाजीनं डोळे मिटले. माया चहाला थांबली नाही. गोळ्यांचं पाकीट तिनं पिशवीतून काढलं, पुन्हा आत टाकलं, आणि मग कुणाला दिसणार नाही असं चटईखाली सरकवलं. आता त्या लपवण्याला काही अर्थ नव्हता, हे तिला त्याच क्षणी कळत होतं.



पुढच्याच गुरुवारी नाथाजी आला. त्याच्या पुढच्या गुरुवारीही. दवाखाना उघडायच्या आधी तो व्हरांड्यात असायचा. आता तो भिंतीकडं तोंड करत नव्हता. पहिल्या बाकावर, सगळ्यांच्या समोर बसायचा. वजन वाढलं, खोकला बसला. डॉक्टर सबनीस इतर रुग्णांना त्याचं उदाहरण द्यायला लागले.

मायानं मात्र त्याला मुलीच्या लग्नाचं कधी विचारलं नाही. गोळ्या वेळेवर घेता का, जेवण जातं का, ताप येतो का, हे सगळं ती विचारायची. तो उत्तरं द्यायचा. मग ती पुढच्या माणसाला हाक मारायची. लग्नसराई आली आणि गेली. कधी वाटायचं, झालंही असेल लग्न, आनंदात असेल पोरगी. विचारलं नाही तोवर तसं धरून चालता येत होतं.

उन्हाळ्याच्या शेवटी पुण्याहून काही अधिकारी आले. रुग्ण उपचार मधेच का सोडतात, यावर बैठक होती. डॉक्टर सबनीसांनी कौतुकानं मायाकडं हात केला.

"आमच्या माया मॅडमनी एक सुटलेला पेशंट घरी जाऊन परत आणलाय. आज एक गुरुवार चुकवत नाही. मॅडम, सांगा की कसं जमवलंत."

माया उठून उभी राहिली. समोरच्या साहेबांनी पेन उघडलं. तिला लाल अक्षरं दिसत होती आणि त्यांच्यापुढं वाकलेल्या त्या दोन शाळकरी मुलींच्या वेण्या.

"मी गाडी घेऊन गेले," ती म्हणाली. पुढचं वाक्य तिला जमेना. "त्यांच्या घरी गेले," ती म्हणाली आणि खाली बसली. विनय समजून कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवल्या.

बैठक संपल्यावर ती तडक व्हरांड्यात आली. नाथाजी औषधाच्या खिडकीपाशी रांगेत होता. तिनं त्याला बाजूला बोलावलं.

"क्रांतीचं लग्न झालं का?"

तो तिच्याकडं बघत राहिला. इतक्या महिन्यांनी विचारताय, असं त्यात काही होतं की नाही, तिला ठरवता येईना.

"मोडली सोयरीक. तुमी येऊन गेलासा त्याच आठवड्यात. पत्रिका जुळंना म्हणून सांगावा धाडला त्यांनी."

"माझ्यामुळं," माया म्हणाली.

"व्हय," तो म्हणाला.

त्यानं ते रागानं म्हटलं नव्हतं. पण त्यापुढं समजुतीचं काही जोडलं नाही. मायाला वाटलं होतं, तो म्हणेल, जाऊ द्या ताई. त्या शब्दांची आपण वाट बघत होतो हे लक्षात येऊन ती आणखीच ओशाळली.

"भावानं चूल येगळी केली," तो म्हणाला. "रानातल्या बाया कामाला येईनात. क्रांती दोन दिस बोलली न्हाई. मग तिनंच एष्टीत बसीवलं मला. गोळ्या चुकवायच्या न्हाईत म्हणाली. आता लपवायचं काय ऱ्हायलंय, म्हणून येतो." त्यानं मान वळवून व्हरांड्याच्या टोकाकडं पाहिलं. "आज ही आलीया. आजवर तयार हुत न्हवती. तिचं रगत बघायचं हाय."

खांबाला टेकून बनुबाई उभी होती. डोक्यावरचा पदर दातात धरलेला. नवऱ्यापासून ती लांब उभी होती, आणि माया तिच्याजवळ गेल्यावर नाथाजीनं बरोबर यायला पुढं टाकलेलं पाऊल बायकोची नजर पाहून मागं घेतलं.

"चला," माया म्हणाली. "घाबरू नका. एक सुई टोचतात फक्त."

बनुबाई मागून आली. रक्त घ्यायच्या खोलीत तंत्रज्ञ नव्हता, बाहेर काही आणायला गेला होता. स्टुलावर बसून तिनं खोलीभर नजर फिरवली आणि शेवटी मायावर आणली.

"त्या दिशी जीपमदनं तुमीच आलावता न्हवं?"

"हो." मायानं मनाशी जुळवून ठेवलेलं बोलायला घेतलं. "गाडी दारात आणायला नको होती मी. माझी चूक झाली, वहिनी. क्रांतीचं..."

"त्याचं न्हाई म्हणत मी," बनुबाई म्हणाली. "ह्यांचं तुमास्नी कवापासनं ठावं हुतं?"



"मागच्या पावसाळ्यापासून."

"आणि मी त्यांच्याच शेजारी निजत हुते." तिचा आवाज जराही चढला नाही. "तवाच का आला न्हाईसा?"

नियम होता, असं माया म्हणू शकली असती. दर गुरुवारी मी सांगत होते त्यांना, असंही म्हणू शकली असती. दोन्ही खरं होतं. तंत्रज्ञ रबरी नळी घेऊन आत आला. बनुबाईनं उत्तरासाठी थोडी वाट पाहिली, मग हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सारल्या, आणि हात टेबलावर उताणा ठेवला.