नळी पोहोचते तिथवर

सलग अकराव्या दिवशी मी भिंत धुतली आणि बाराव्या दिवशी सकाळी ती पुन्हा पांढरीफटक! कुणीतरी पिठाची चाळणी झटकून गेल्यासारखी. लोणा, लोणा, लोणा, भिंतीवर फुटतो तो पांढरा थर. माझ्या डोक्यात दुसरा विषयच उरला नव्हता.

घराची ही पुढची भिंत माझ्या दादाने बांधली होती. गिलावा नाही, रंग नाही, नुसत्या लाल विटा, प्रत्येक थर दोरी लावून घेतलेला. खांद्याच्या ऑपरेशननंतरचं त्याचं हे पहिलंच काम. वर्षभर घरी बसलेल्या गवंड्याला कोण हाक मारतं? ही भिंत बघून लोकांनी पुन्हा बोलवावं, एवढीच त्याची आशा होती. समोरच्या शिंपीकाकांनी बोलावलंही होतं. त्यांना दुकानावर एक खोली चढवायची होती.

मी मात्र हट्टाला पेटले होते. साबण झाला, व्हिनेगर झालं, तारेचा ब्रश झाला, बोटांची सालं निघाली. दादा फोनवर सांगायचा, "पाणी नको मारूस गं. वाळू दे तिला. मी येऊन बघतो." मला वाटायचं, हा अंग काढून घेतोय. माझा नवरा म्हणतो, ही साबणाची वडीसुद्धा वापरण्याआधी धुऊन घेते. डाग दिसल्यावर पाणी ओतायचं नाही, हे माझ्या डोक्यात शिरणारच नव्हतं.

मागच्या आठवड्यात शिंपीकाका गळ्यातली टेप तशीच ठेवून रस्ता ओलांडून आले. "रोज घासताय. निघत नाही का हो?"

मी घामाघूम झालेली, साडीचा काठ भिजलेला, डोकं तापलेलं. "निघतंय कसलं! विटाच भिकार आणल्यात दादाने. पूर्वीसारखं लक्ष नाही राहिलं त्याचं."

बोलून मोकळी झाले. खोटं कशाला सांगू, बरंही वाटलं. काका "हं" म्हणाले आणि दुकानात गेले.

आज दादा आला. मी दारातच तोंडाचा पट्टा सोडला. वाळू, विटा, सिमेंट, काही म्हणता काही सोडलं नाही. त्याने ऐकून घेतलं. नखाने पांढरं खरवडलं, बोटावर घेऊन जिभेला लावलं. मग नळाला लावलेली माझी नळी उचलली आणि ती ताणत भिंतीच्या कडेने चालत गेला. कोपऱ्याच्या चार हात आधी नळी संपली.

"इथून पुढे बघ."

पुढच्या विटा लालबुंद होत्या. त्याच विटा, तीच वाळू, आणि पांढरा ठिपका औषधालासुद्धा नाही.

"विटेत थोडाफार क्षार असतोच. तू पाणी पाजतेस, तो आत विरघळतो, आणि भिंत वाळली की वर येतो. तू पुन्हा पाजतेस. कोरड्या ब्रशने झाड आणि गप्प बस, वेडाबाई. होईल कमी."

मला स्वतःचा असा राग आला की सांगता सोय नाही. अकरा दिवस मीच ती भिंत नासवत होते. "चिडला नाहीस?"

"चिडून काय करू? तू न धुता बसली असतीस तर मला काळजी वाटली असती." तो हसला. मग त्याची नजर समोर गेली. शिंपीकाकांच्या दुकानापुढे नव्या विटांचा ट्रॅक्टर उभा होता आणि कुणी दुसराच गवंडी त्या उतरवून घेत होता.

"परवा नको म्हणून कळवलं त्यांनी," दादा म्हणाला. "कारण विचारलं तर म्हणाले, असंच. घमेलं उचलताना मी खांदा धरतो ना, ते दिसलं असणार त्यांना. लोकांना दिसतंच गं. मी म्हणतो, थापी ठेवून द्यावी आता."

गप्प बसले असते तर त्याला कधीच कळलं नसतं.

"दादा, त्यांना काही दिसलं नाही. मी सांगितलं त्यांना."

"काय सांगितलंस?"

"विटा भिकार आणल्या म्हणून. आणि... तुझं लक्ष राहिलं नाही म्हणून."

त्याने नळी हळूच खाली ठेवली.

"विटांचं ठीक आहे," तो म्हणाला. "त्या मी आणल्या, मला बोल लाव. पण माझं लक्ष नाही, हे तुला कधी दिसलं?"

मला ते कधीच दिसलं नव्हतं.