बिनबटणाचा अंतराळवीर

आमच्या कथेचा नायक व्यवसायाने शिंपी होता आणि मनाने परग्रहवासी. त्याचे हात शिवणयंत्रावर चालत, तर डोळे समोरच्या भिंतीवरील टीव्हीला चिकटलेले असत. त्या टीव्हीवर अंतराळपटांवाचून दुसरे काही दिसल्याचे कोणास स्मरत नाही. इतर जन जेथे अंतराळयाने व स्फोट पाहत, तेथे हा पुरुष शिवण पाहत असे.

या दीर्घ अभ्यासातून त्याने काही सिद्धान्त काढले होते. माप देण्यास आलेले गिऱ्हाईक दोन्ही हात वर करून उभे असे. त्यास ते ऐकण्यावाचून गत्यंतर नसे.

"साहेब, जग उडवणाऱ्या यंत्रावर घड्याळ असतंच. तेसुद्धा नायकाला लांबून दिसेल असं! ज्याला जग उडवायचंय त्यानं वेळ कशाला सांगावी? पण नाही. माणूस दुष्ट असला तरी शिस्तीचा असतो. श्वास सोडा, कंबर मोजतोय."

किंवा, "परग्रहावरची मंडळी आपल्यापेक्षा हजार वर्षं पुढे, पण पहिल्या भेटीत आपलीच भाषा बोलतात. मला माझ्या मेहुण्याचं बोलणं वीस वर्षांत कळलेलं नाही."

परंतु त्याचा सर्वश्रेष्ठ सिद्धान्त निराळाच होता. भविष्यकाळातील वस्त्रांना बटण नसते, चेन नसते आणि खिसाही नसतो. शास्त्र पुढे गेले की काजे मागे पडतात, असे तो छातीठोकपणे सांगे. त्याच दुकानात खिडकीपाशी बसून काजे करणारी त्याची धर्मपत्नी हे ऐकून दोरा दाताने तोडी.

"मग रुमाल कुठे ठेवतात हो?"

"भविष्यात सर्दी होत नाही."

"आणि माणसाला दिवसातून चारदा जावं लागतं, ते?"

"अगं, त्या पटांत कुणीच जात नाही. मी तीस वर्षं बघतोय."

"तरीच बिचारे सगळे एवढ्या घाईत असतात."

अशा समयी सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपालांनी वार्षिक नाटक म्हणून एक अंतराळनाट्य निवडले. कप्तानाची भूमिका शिंप्याच्या त्याच मेहुण्याकडे, म्हणजे पत्नीच्या धाकट्या भावाकडे, आली. पोशाख अर्थातच आमच्या नायकाकडे आले. पत्रकावर आपलेही नाव यावे, अशी त्याने भीत भीत विनंती केली. ग्रंथपाल चष्मा पुसत म्हणाले, "पहिला प्रयोग निभावू द्या. पोशाख शोभला, तर पुढच्या प्रयोगाच्या पत्रकावर छापू तुमचं नाव. वैज्ञानिक सल्लागार म्हणून."

वैज्ञानिक सल्लागार! सातवीत गणिताने ज्याचा हात सोडला होता, त्याच्या कानांत हे दोन शब्द सनईसारखे वाजू लागले. आता पोशाखात तसूभरही खोट राहणे नाही, असा त्याने निश्चय केला.

प्रयोग रविवारी दुपारी तीनला होता. एक वाजता त्याने मेहुण्यास स्टुलावर उभे केले, रुपेरी कापड त्याच्या अंगावर चढविले आणि मानेपासून कमरेखालपर्यंत पाठ स्वहस्ते शिवून टाकली. टाका असा की भिंगानेही दिसू नये.

"भाऊजी, हे काढायचं कसं?"

"कप्तानानं कधी कपडे काढलेले पाहिलेस?"

"ताई, हे बघ काय बोलतायत!"

"मी काय बघू? तू पाणी कमी पी," ताई म्हणाली आणि कात्री पिशवीत टाकून सभागृहाकडे निघाली.

पहिला अंक थाटात पार पडला. रुपेरी कप्तान प्रवेशला तेव्हा प्रेक्षकांनी श्वास रोखला आणि शिंप्याचे डोळे पाणावले. परंतु मध्यंतराची घंटा होताच कप्तान गुडघे जुळवून विंगेत आला.

"भाऊजी, उसवा."

"आणखी एक अंक कळ काढ. माझ्या सल्लागारकीचा प्रश्न आहे रे!"

"आणि माझा कसला आहे वाटतं?"

शिंप्याने एकवार आपल्या अदृश्य टाक्याकडे पाहिले. त्याचा हात पुढे होईना. तेव्हा धर्मपत्नीने नवऱ्यास कोपराने बाजूस सारले आणि कात्री घालून मानेपासून खालपर्यंत भविष्यकाळ फाडला. कप्तान वायुवेगाने अंतर्धान पावला.

तो परतला तेव्हा तिसरी घंटा होत होती. शिवण्यास अवधी नव्हता. तिने चार सेफ्टी पिना लावल्या, त्यांपैकी दोन तत्क्षणी सुटल्या. "काहीही होवो, लोकांना पाठ दाखवू नकोस," असे बजावून तिने भावाला रंगमंचावर ढकलले.

आणि मग घडले ते अपूर्व होते. कप्तान उलट्या पावलांनी चालू लागला. यानात शिरताना उलटा, शत्रूवर चालून जाताना उलटा, प्रियेचा निरोप घेऊन जातानाही उलटाच. कप्तान करील तेच करायचे, ही नाटकात त्याच्या दलाची प्रतिज्ञा होती. तेही सारे त्याच्यामागून, म्हणजे त्याच्यापुढून, उलटे चालू लागले. शिंपी विंगेत तोंड झाकून बसला होता. आपले दोन शब्द गेले, हे तो जाणून चुकला होता.

टाळ्यांनी छप्पर उडायचे बाकी राहिले.

दुसऱ्या दिवशी ग्रंथपाल स्वतः दुकानात आले. "परग्रहावर कुणी पाठ दाखवत नाही! काय कल्पना हो! हेडमास्तर तर म्हणाले, यात तत्त्वज्ञान आहे. तुमचीच ना?" असे म्हणून त्यांनी पत्रकाचा कच्चा मसुदा पुढे ठेवला. त्यात ते दोन शब्द होते आणि त्यांपुढे त्याचे नाव.

शिंप्याने खिडकीकडे पाहिले. ती मान खाली घालून काज करीत होती आणि हसू दाबीत होती. खोटे सांगणे सोपे होते, परंतु ती तेथेच बसली असताना सोपे नव्हते.

"कल्पना हिची," तो म्हणाला. त्याने पेन्सिल घेतली आणि आपल्या नावाखाली लिहिले: बाहेर पडण्याची सोय, त्यांची पत्नी.

तिने उठून कागद वाचला. "मी खाली का?"

"अगं, भविष्यकाळ आधी सुचला म्हणून."

"आधी माझा भाऊ बाहेर पडला, मग तुमचा भविष्यकाळ चालला."

शिंप्याने खोडरबर मागितले.