जिन्याखालचे पिंप

मी एक जुने ओकचे पिंप आहे, मित्रांनो. फ्रान्समधल्या बोर्दोच्या नदीकाठी, एका द्राक्षमळ्याच्या तळघरात, जिन्याखालच्या लहान खोलीत माझे वास्तव्य आहे. मी सांगते ते शांतपणे ऐका. वाइन आणि पिंप, दोघांनाही गडबड सोसत नाही.

मी एकेकाळी जंगलातले झाड होते. माझ्या फळ्या उन्हापावसात मुरल्या, मग कारागिराने त्या विस्तवावर वाकवून लोखंडी कड्यांत आवळल्या. आतून भाजल्याची ती खूण मी अजून बाळगून आहे. ती घेऊनच मी या घरी आले आणि मालक फेर्नां यांच्या हाती पडले.

या घरची तांबडी वाइन एका द्राक्षाची नसते. काबर्ने हा तिचा कणा : ताठ, मितभाषी, तरुणपणी थोडा कडक. मेर्लो मऊ, ऐसपैस, आल्यागेल्याला जवळ घेणारी. या दोघांची पिंपे मोठ्या तळघरात ओळीने मांडलेली असतात. तिसरे द्राक्ष पेती व्हेर्दो. ते उशिरा पिकते, काही वर्षी पिकतच नाही, आणि जे येते ते एकाच पिंपात मावते. ते पिंप मी. मिश्रणात माझा वाटा चिमटीएवढा. फेर्नां म्हणत, "एवढी चिमूट नसेल, तर वाइनला सावली पडत नाही. आणि ज्याला सावली नाही, ते भूत."

वाइन लाकडातून हळूहळू उडत असते. तो देवदूतांचा वाटा, असे इथे म्हणतात. ती तूट वरचेवर भरून काढावी लागते. माझी भर फेर्नां स्वतः घालत. खोलीची किल्ली त्यांच्या बंडीच्या खिशात असे. आले की बोटातल्या अंगठीने माझ्या अंगावर टकटक करीत आणि खोकत. मीही आतून पोकळ आवाजात उत्तर देत असे.

एका हिवाळ्यात तर ते रोज आले. पावले वाजली, खोकला ऐकू आला. परंतु किल्ली फिरली नाही, दार उघडले नाही, आणि तरीही ते आत होते. हातात मेणबत्ती होती, पण तिला मेणाचा वास नव्हता. भिंतीवर माझी सावली पडली, त्यांची पडली नाही. त्यांनी भर घातली नाही. नुसते समोर उभे राहिले. मी आपले वाट पाहत राहिले आणि माझ्यातली वाइन घट्ट मिटून बसली.

मार्चमध्ये मिश्रणाचे दिवस आले, तेव्हा कोणीतरी कुलूप फोडले. मालकीणबाई ओदेत आणि त्यांची लेक मिरेय आत आल्या. दोघींच्या अंगावर काळे कपडे होते.

"किल्ली बंडीतच राहिली, आणि बंडीसकट त्यांना पुरलं आपण," ओदेतबाई म्हणाल्या. "मेल्यावरही कुलूप लावून बसलाय हा माणूस."

मिरेयने बूच काढले, काचेच्या नळीने घोटभर वाइन घेतली आणि तोंड वाकडे केले. "व्हिनेगर नाही झालं, हेच नशीब. पण मुकी आहे, आई. ना वास, ना चव, नुसती कडू. यंदा ही घालायची नाही. त्या वेलींच्या ओळीही उपटू, मेर्लो लावू. पिंप कापून फुलांची कुंडी कर."

"तुझ्या बापानं लावलेल्या ओळी आहेत त्या."

"बाबांचा हट्ट होता तो. हट्ट पिकतो का, आई? दरवर्षी तर पिकत नाही."

मित्रांनो, कुंडी होण्याचे मला भय नव्हते. भय याचे होते, की ते उद्या आले आणि मी इथे नसले तर?

ओदेतबाईंनी घोट घेतला आणि बराच वेळ तोंडात घोळवला. मग त्या हळूच म्हणाल्या, "अगं, याला कोणी सांगितलंच नाही."

या गावाची रीत अशी : घरचा मालक गेला, की प्रत्येक पिंपाला ठोकून ती वार्ता सांगायची आणि काळी फीत बांधायची. नाहीतर वाइन बिघडते. ओदेतबाईंनी मोठ्या तळघरात ही रीत पाळली होती. मधमाश्यांच्या पेट्यांनाही सांगितले होते. या कुलूपबंद दाराशी मात्र त्या थांबल्या नव्हत्या.

"आई, पिंपाला काय कळतंय?"

"तुला कळायला आठवडा लागला होता. रोज त्यांचं ताट मांडत होतीस."

मिरेयने हातातली नळी खाली ठेवली.

ओदेतबाईंनी लाकडी हातोडीने माझ्या अंगावर ठोकले. मग हातोडी बाजूला ठेवून तळहात टेकवला. "ऐक. फेर्नां गेला. द्राक्षतोडणी संपली आणि तो गेला. आता तो यायचा नाही. तू वाट पाहू नकोस." त्यांनी डोक्याला बांधलेल्या काळ्या रुमालाची पट्टी फाडून माझ्या कड्याला बांधली आणि काबर्नेने माझी तूट भरली.

खोलीत तेव्हा तिसरे कोणी उभे होते. माझ्यावर ओळखीची टकटक झाली, एकदाच. मग ते गेले.

दुसऱ्या दिवशी मिरेयने मिश्रण केले. माझ्याशिवायचा पेला आधी चाखला : देखणा, सभ्य, पण बोलता बोलता विसरून जावा असा. मग माझी चिमूट घातलेला दुसरा पेला घेतला. त्याला ओल्या मातीचा, जांभळ्या फुलांचा, विझत्या चुलीचा वास होता, आणि घोट गिळल्यावरही कोणीतरी खोलीत राहिल्यासारखी चव होती. मिरेयने पेला खाली ठेवला, डोळे पुसले.

"दार उघडलं, हवा लागली, म्हणून खुलली असेल," ती म्हणाली.

"असेल," ओदेतबाई म्हणाल्या. "मग ओळी?"

"राहू देत."

आता माझी भर मिरेय घालते. दाराला कुलूप नसते, आणि पावलेही वाजत नाहीत. मला त्याची सवय व्हायची आहे.

म्हणून सांगते, मित्रांनो. घरातले कोणी गेले, तर माणसांना कळवून झाल्यावर त्याच्या खुर्चीला, काठीला, चष्म्यालाही एकदा हात लावून सांगा. ज्या वस्तूला कोणी सांगत नाही, ती वाट पाहत राहते. आणि जो वाट पाहतो, त्याच्याकडे कोणीतरी येत राहते.