प्रतिक्षाची मावशी

प्रतिक्षाच्या फ्रॉकच्या घेराला दोन फिकट रेघा होत्या. दुमड उसवून फ्रॉक दोनदा लांब केला, त्याच्या त्या खुणा. संगितानं दोन रेघांमधलं अंतर बोटानं मापलं. पोरगी तेवढी वाढली होती, आणि ते तिनं पाहिलं नव्हतं.

माहेरी आली की कळमनुरीच्या बाजाराचं निमित्त करून संगिता भागवतबरोबर, भावाबरोबर, या अनाथाश्रमात येई. आश्रम अमेरिकेतल्या देणग्यांवर चाले. चालवणारे पाद्रीसाहेब इंग्रज. म्हातारे, पुस्तकी पण स्वच्छ मराठी बोलणारे. आई-बाप दोन्ही नसलेलं लेकरूच ते ठेवून घेत. म्हणून प्रतिक्षाचा बाप वारल्यावर तिला इथं आणताना भागवतनं सांगितलं होतं, हिची आईही गेली, ही संगिता हिची मावशी.

संगिताचा पाट, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, कुरुंद्याच्या उत्तमरावाशी लागला होता. त्याच्या पहिल्या बायकोची दोन लेकरं ती न्हाऊ-माखू घालते, याचं कुणाला काही वाटत नाही. तिच्या एका लेकीला मात्र त्या घरात जागा नव्हती. पाटाच्या बाईनं मागचं लेकरू आणायचं नसतं, एवढंच तिला सांगण्यात आलं. का, हे तिनंही विचारलं नाही, गावानंही नाही.

"मावशी, शेंगा आणल्या का?"

"आणल्या की." तिनं पदराची गाठ सोडली.

पाद्रीसाहेब समोर येऊन बसले. "अमेरिकेतील एक दांपत्य प्रतिक्षाला दत्तक घेऊ इच्छिते. नातेवाईक म्हणून तुमची संमती हवी. त्यानंतर भेट होणार नाही."

"झ्याक झालं," भागवत हसला. "विमानात बसंल. आमी तर नांदेडच्या पुढं गेलो न्हाई."

"कायमचीच?" संगितानं विचारलं.

"होय. म्हणूनच खात्री करतो. तिचे दुसरे कोणी नाही ना?"

भागवत तिच्याकडं न बघता पुटपुटला, "गप राहा. उत्तमराव दारात उभं करणार न्हाई. माझ्याकडं बी येऊ नको मग."

दोन्ही दारं बंद होतील, हे तिला ठाऊक होतं. तिसरं दार नव्हतंच.

प्रतिक्षानं सोललेला दाणा तिच्या ओठांशी धरला. "मावशी, तू बी येणार का विमानात?"

संगितानं तिचा हात धरला आणि पाद्रीसाहेबांकडं सरळ पाहिलं.

"हिची माय मेली न्हाई, साहेब. मीच हाय. हिला मी घेऊन चालले. कुठं, ते अजून मला बी ठाऊक न्हाई."