मुरुमच्या बाजारात सापडलेला माणूस

भूमच्या पल्याड डांबरी सडक संपते आणि मुरमाची वाट माळावर चढते. तिथं लिंबाजी आणि तारामती ही धनगर नवरा-बायको मेंढरं चारत होती. भर दुपार होती. लिंबाजीनं नुकतंच भाकरीचं फडकं सोडलं होतं. तारामती पाण्याची घागर घेऊन खाली ओघळीत उतरली होती.

पांढरा पिकअप वाट सोडून थेट कळपात घुसला. तिघं होते. कुणी काही विचारलं नाही. दोघांनी खाली उतरून मेंढरांच्या तंगड्या धरल्या आणि एकेक मेंढरू उचलून मागं फेकायला सुरुवात केली.

"ए, कोन रं तुमी? सोडा ती!" लिंबाजी काठी घेऊन धावला.

गाडी चालवणारा दार उघडून उतरला. त्याच्या हातात चाकाचे बोल्ट खोलायची लोखंडी टॉमी होती. त्यानं ती लिंबाजीच्या डोक्यात घातली. लिंबाजी गुडघ्यावर आला, पुन्हा उठला आणि रक्तानं भरलेल्या डोळ्यांनी चाचपडत गाडीचा मागचा फाळका धरून उभा राहिला. सोडेना. चालवणाऱ्यानं आत बसून गाडी मागं घेतली. लिंबाजी खाली पडला आणि मागचं चाक त्याच्या छातीवरून गेलं.

तारामती ओघळीतून वर आली ती ओरडा ऐकूनच. फांद्या तोडायची कुऱ्हाड तिच्या कमरेला होती. गाडी पुढं निघाली होती आणि एक जण पळत्या गाडीत चढायला उजव्या हातानं फाळक्याला लटकला होता. तारामतीनं कुऱ्हाड त्या हातावर मारली. दोन बोटं तुटून आत मेंढरांच्या पायांत पडली. गडी किंचाळला, आतल्यानं त्याला मानगुटीला धरून वर ओढला, आणि गाडी धुरळ्यात गेली.

नवऱ्याचं डोकं तिनं मांडीवर घेतलं. तो काही सांगू बघत होता. शब्दाच्या जागी तोंडातून रक्ताचा फेस येत होता. मग तोही थांबला.

पोलीस आले. पंचनामा झाला. कुऱ्हाडीला लागलेल्या रक्तासकट कुऱ्हाड जप्त झाली. गाडीच्या नंबरावर चिखल फासलेला होता, तिघांची तोंडं रुमालानं बांधलेली होती. तारामतीला खात्रीनं सांगता येण्यासारखी एकच गोष्ट होती: एकाच्या उजव्या हाताची दोन बोटं गेलीत.

लिंबाजीचा धाकटा भाऊ शिवराज त्याच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. आईबाप लवकर गेले, त्याला तारामतीनंच वाढवला. दहाव्याच्या दिवशी तो तिच्यापुढं येऊन बसला.

"वैनी, पोलिसांचं काय खरं न्हाय. दादाच्या जिवाला जीव घेनार म्या."

तारामती त्याला नको म्हणाली नाही. तिलाही तेच हवं होतं. नवी कुऱ्हाड तिनं स्वतः लोहाराकडून घडवून आणली होती. मेंढरांमागं चालताना ती मनातल्या मनात त्या तिघांना मारत असे. टॉमीवाल्याला सगळ्यात शेवटी, सावकाश. असं शंभर वेळा मारून झालं होतं.

कळपातली बावीस मेंढरं गेली होती, उरलेली जगवायची तर चाऱ्याच्या मागं जावंच लागणार होतं. माघात त्यांचा तळ उमरग्याच्या बाजूला, मुरुम गावाजवळ पडला. तुरी निघालेल्या रानात मेंढरं बसवायची, पुढच्या रानात जायचं. शिवराज मात्र बाजार हिंडायचा. जनावरांच्या बाजारात तो कुणाच्या तोंडाकडं बघत नसे, हातांकडं बघत असे.

लिंबाजी जाऊन चार महिने झाले होते. त्या दिवशी मुरुमच्या बाजारातून शिवराज आला तो पांढऱ्या पिकअपमधून. दोन चुलतभाऊ बरोबर होते. गाडी तळावर न आणता त्यांनी ती जवळच्या बंद पडलेल्या खडीच्या खाणीत उतरवली. दिवस अजून चांगला हातभर वर होता. एक चुलतभाऊ धापा टाकत तारामतीला बोलवायला आला.

"चल वैनी. घावला."

ती कुऱ्हाड घेऊनच निघाली.

खाणीच्या तळाशी एक माणूस पडला होता. वय चाळीसच्या आसपास. हात मागं बांधलेले, सदरा फाटलेला, एक डोळा सुजून मिटलेला. दात पडले होते, ते रक्ताबरोबर हनुवटीवर चिकटले होते. शिवराजनं त्याला लाथेनं कुशीवर वळवला. बांधलेल्या हातांपैकी उजव्या हाताला दोन बोटं नव्हती.

तारामतीनं काही विचारलं नाही. लिंबाजीच्या तोंडातला तो फेस तिला दिसला. कुऱ्हाड तिनं उलटी धरली, कारण मरण लवकर यायला नको होतं, आणि बोथट बाजूचा घाव त्याच्या गुडघ्यावर घातला. वाळलेलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. दुसरा घाव खांद्यावर बसला.

"अव्वा! अव्वा ग!" तो माणूस कानडीत ओरडला. मग मराठीत, शब्द तुटत, "म्या काय केलं? ताई, म्या काय केलं तुमचं?"

"काय केलं इचारतोय!" शिवराजनं त्याचा हात मनगटाला पिरगाळून तिच्या तोंडापुढं धरला. "बगा वैनी. तुमचाच घाव हाय. नीट बगा."

तिनं बघितलं.

तीस वर्षं तारामती जखमा बघत आली होती. लांडग्यानं फाडलेल्या मेंढरांच्या मांड्या तिनं सुईदोऱ्यानं शिवल्या होत्या, किडे काढून हळद भरली होती. जखम कधीची, हे तिला अंधारात हात फिरवूनही कळायचं. चार महिन्यांची जखम तांबूस असते, तुकतुकीत असते, दाबली तर दुखते. या माणसाच्या बोटांची थुटकं पांढरी पडली होती. वर कातड्याचा घट्टा धरला होता. घट्ट्याला भेगा पडून त्या भेगांत मळ बसला होता. हा हात या दोन बोटांशिवाय कित्येक वर्षं राबला होता.

ती खाली बसली.

"कवा गेली ही बोटं?"

"सात वर्सं झाली," तो म्हणाला. "कडबा कुट्टीत. गावात कुनाला बी इचारा. इरम्माला इचारा, माझ्या बायकूला... तिनंच मशीन बंद केलं हुतं."

"नाव काय तुजं?"

"रेवणसिद्ध."

तारामती उठली. "भावजी, ह्यो त्यो न्हाय."

शिवराज हसला. "वैनी, ह्याची गाडी पांढरी. धंदा मेंढरं इकायचा. उजव्या हाताची दोन बोटं. आनखी काय पायजे?"

"जखम जुनी हाय. माझा घाव न्हाय ह्यो."

शिवराज वाकला. हात पुन्हा एकदा बघितला. धनगराचाच पोर तो, त्यालाही जखमा कळत होत्या. त्यानं तो हात टाकून दिला आणि चुलतभाऊ एकमेकांकडं बघत मागं सरकले. मग शिवराज ताठ उभा राहिला. त्याचा चेहरा तारामतीनं असा कधी बघितला नव्हता.

"आता लई उशीर झाला," तो म्हणाला. "ह्यानं आपली तोंडं बगितली. बाजारात चार जनांनी गाडीत घालताना बगितलं. ह्यो जित्ता गेला तर आपन सगळे आत. तुमी तळावर जावा वैनी. आमी बगतो."

त्यानं दोन्ही हातांनी खडीचा मोठा दगड उचलला.

तारामती मधे आली. त्यानं तिला कोपरानं ढकललं. ती दगडांवर आपटली, ओठ फुटला. रेवणसिद्ध बांधल्या अंगानं सरपटत मागं जाऊ बघत होता, मोडका पाय त्याच्यामागं भलत्याच कोनात फरफटत होता. शिवराजनं त्याच्या छातीवर पाय दिला आणि दगड डोक्याच्या वर नेला.

तारामतीनं पडल्या जागेवरून उठून कुऱ्हाडीची बोथट बाजू शिवराजच्या हातावर मारली. सगळ्या ताकदीनं. कोपराच्या खाली हाड मोडलं. दगड सुटला आणि रेवणसिद्धच्या कानापासून वीतभर अंतरावर आदळला.

शिवराज मोडका हात पोटाशी धरून गुरासारखा ओरडला. "मला मारलं? माझ्या भावाची बायकू तू, अन् मला मारलं?"

"व्हय," ती म्हणाली. "अन् पुन्यांदा हात उचलला तर पुन्यांदा मारीन. माझ्यासारखी आनखी एक बाई इधवा करू नगंस, शिवराज."

चुलतभावांपैकी थोरल्याकडं तिनं कुऱ्हाड रोखली. "गाडी काढ. सरकारी दवाखान्यात."

मागच्या हौद्यात ती रेवणसिद्धचं डोकं मांडीवर धरून बसली. प्रत्येक खड्ड्याला तो विव्हळत होता. एकदा शुद्धीवर येऊन त्यानं वर बघितलं आणि कुणाच्या मांडीवर आपलं डोकं आहे हे ओळखून भीतीनं तोंड फिरवलं. तारामतीनं हात काढला नाही.

दवाखान्यात पोलीस आले. फौजदारानं विचारलं, "कुणी मारलं?"

"पैला घाव माजा. दुसरा बी माजा," ती म्हणाली. मग खाणीत घडलं ते सगळं तिनं सांगितलं. दिराचं नावही गाळलं नाही.

फौजदार लिहायचा थांबून तिच्याकडं बघत राहिला. ती म्हणाली, "साहेब, एक चूक आमी केली, एक तुमच्या खात्यानं केली. आमी बोटं नसलेला माणूस हुडकत फिरलो. पर बोटं तुटल्यावर त्यो गडी त्याच दिवशी टाके घालायला कुठंतरी गेलाच असंल की. त्ये कुनी इचारलं का?"

कुणी विचारलं नव्हतं. फौजदारानं भूमच्या ठाण्याला कळवलं, आणि आठ दिवसांनी एका खासगी दवाखान्याच्या वहीत नोंद सापडली. लिंबाजी मेला त्याच दिवशी, संध्याकाळी साडेपाच वाजता रुद्रेश नावाच्या पोराच्या उजव्या हाताला टाके घातले होते. मशीनच्या पट्ट्यात बोटं गेली, असं त्यानं सांगितलं होतं. जप्त कुऱ्हाडीवरचं रक्त त्याचंच निघालं. दोन थपडांतच त्यानं बाकीच्या दोघांची नावं दिली. टॉमीवाला लातूरच्या रस्त्यावर एका ढाब्यात जेवताना धरला गेला.

ओळख पटवायला तारामतीला बोलावलं तेव्हा ती जामिनावर होती. रुद्रेश तिच्यासमोर उभा होता. पंचवीसही नसेल. उजव्या हाताची थुटकं तांबूस, तुकतुकीत. या क्षणाची तिनं किती दिवस वाट बघितली होती. या माणसाला शंभर वेळा मारलं होतं. पण मनातल्या त्या मारण्यात कधी आवाज येत नसे. आता गुडघा मोडल्याचा आवाज कसा असतो ते तिला ठाऊक झालं होतं, आणि तो आवाज पुन्हा ऐकायची तिची इच्छा उरली नव्हती.

"ह्योच," एवढंच ती म्हणाली आणि बाहेर आली.

धाराशिवच्या कोर्टात दोन्ही खटले चालले. लिंबाजीच्या खुनाचा आधी उभा राहिला. टॉमीवाल्याला जन्मठेप झाली, बाकीच्या दोघांना दहा-दहा वर्षं. निकाल ऐकून शिवराज रडला. त्याचा हात वाकडाच जुळला होता. खाणीतल्या त्या दिवसापासून तो तारामतीशी एक शब्द बोलला नव्हता, तेव्हाही बोलला नाही.

मग तिचा आणि शिवराजचा खटला. वकिलानं तिला समजावलं, "दिरानं जबरदस्ती केली म्हणून सांगा, बाई. सुटाल."

"माझ्या हातात कुऱ्हाड त्यानं न्हाय दिली," ती म्हणाली.

रेवणसिद्ध काठी टेकत साक्षीला आला. न्यायाधीशांनी विचारल्यावर त्यानं तारामतीकडं बोट केलं. "ह्या बाईनं मला मारलं. ह्याच बाईनं मला वाचिवलं. दोन्ही लिवून घ्या साहेब. एकच लिवू नका."

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात रेवणसिद्धची बायको इरम्मा तारामतीसमोर येऊन उभी राहिली. इतक्या तारखा झाल्या, पण दोघी कधी बोलल्या नव्हत्या.

"त्यानं काय सांगायचं ते सांगितलं," इरम्मा म्हणाली. "माजं ऐकशील?"

"बोल, अक्का."

"गुडगा वाकत न्हाय त्याचा. न्हानीत बसवायला म्या लागते. बाजार सुटला, गाडी इकली. बाहेर कुनी मोठ्यानं बोललं तरी आत जाऊन दार लावतो. पोरगी इचारती, अप्पांना कुनी मारलं? काय सांगू तिला?"

माफी मागायचं तारामतीच्या मनात आलं, पण तो शब्द त्या गुडघ्याला पुरणार नव्हता.

"खरं सांग तिला," ती अखेर म्हणाली. "माजं नाव सांग."

इरम्मा बोलतच राहिली. मोडक्या खांद्याबद्दल, झोपेत ओरडण्याबद्दल, दिवाळीला चूल न पेटल्याबद्दल. आवाज चढला, लोक वळून बघायला लागले, एका शिपायानं येऊन तिला गप्प बसायला सांगितलं. तारामती शिपायाला म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. बोलू द्या तिला." भिंतीला टेकून, मान खाली न घालता ती ऐकत राहिली, पुकारा होईपर्यंत.

शिवराजला पाच वर्षांची सजा झाली. चुलतभावांना दोन-दोन. तारामतीला एक वर्ष.

महिला शिपायानं तिच्या दंडाला हात लावला. "चला, मावशी."

"व्हय, चला," तारामती म्हणाली आणि पदर खांद्यावर नीट घेऊन तिच्या मागं निघाली.