शुक्रवारच्या सेलमधली घरघंटी

मित्रांनो, मी एक जुनी घरघंटी आहे. आवाज माझा दांडगा, पण मनाने मी हळवी. विनयसाहेबांना रियाधच्या बँकेत नोकरी लागली, तेव्हा त्यांच्या पत्नी हेमलताबाईंनी मला दागिन्यांपेक्षा जपून सामानात आणलं. "तिकडे ज्वारीचं ताजं पीठ कोण देणार?" असं त्यांचं म्हणणं.

आमच्या कंपाउंडमध्ये, म्हणजे परदेशी नोकरदारांच्या बंदिस्त वसाहतीत, माझा थाट होता. शेजारणी धान्याचे डबे घेऊन येत, मी भराभर दळून देई. बाईंनी कधी कुणाकडून रियाल घेतला नाही. भाजणी दळताना तर मला स्वतःचाच हेवा वाटायचा!

२००७ साली साहेबांनी भारतात, पुण्याला परतायचं ठरवलं. इतक्या वर्षांच्या सामानात मला पुन्हा विमानातून कोण नेणार? म्हणून घरातलं सामान विकायला अंगणात गॅरेज सेल ठरला. आमच्याकडचे नियम कडक. कंपाउंडच्या ऑफिसची परवानगी हवी, विक्री फक्त शुक्रवारी सकाळी, बाहेरच्या पाहुण्यांची नावं आधी गेटवर द्यायची, खाण्याच्या वस्तू ठेवायच्या नाहीत. जुम्म्याच्या अजानपर्यंत अंगण रिकामं झालं पाहिजे. उरलेलं सामान कचऱ्याची गाडी उचलणार. म्हणजे उरले तर मीही त्याच गाडीत!

सोफा गेला, सायकली गेल्या. माझ्यापाशी सगळे थबकत, "काय सुरेख दळते हो!" म्हणत आणि पुढे सरकत. आयतं पीठ खाल्लेल्यांना घरात घंटी कशाला हवी? मला फार राग आला, आणि रडूही.

अजानला थोडाच वेळ उरला असताना ताजुन्निसाबाई धापा टाकत आल्या. त्या हेमलताबाईंच्या ओळखीच्या, मूळच्या दापोलीच्या. त्यांचे यजमान नसरुद्दीन यांचं रियाधच्या बत्हा बाजारात मसाल्याचं दुकान होतं. दोघांची नावं हेमलताबाईंनी आठवणीने गेटवर दिली होती.

"दुकानातल्या पिठाची भाकरी थापताना चिरते हो ताई," त्या म्हणाल्या. "हिला मी नेते."

नसरुद्दीनभाईंनी मला पिकअपमध्ये चढवलं. तेवढ्यात हेमलताबाई आत धावल्या आणि ओंजळभर तांदूळ आणून माझ्या वरच्या खणात घातले. पहारेकरी मुस्तफा लगेच पुढे आला.

"बाजी, खाने की चीज़ मना है. खाली कीजिए."

"भाई, घंटी बेची है, चावल नहीं," हेमलताबाई म्हणाल्या. "हमारे यहाँ बेटी को खाली नहीं भेजते. ओटी भरते हैं."

मग मुस्तफाने स्वतःच माझं झाकण लावलं. "फिर ये सेल का माल नहीं है. यल्ला, जाइए."

तेच तांदूळ मी नव्या घरी पहिल्यांदा दळले. ताजुन्निसाबाईंनी त्यांची भाकरी केली, कापडात गुंडाळली, आणि त्याच संध्याकाळी, बाईंचं विमान सुटण्याआधी, नसरुद्दीनभाई ती विमानतळावर हेमलताबाईंच्या हाती देऊन आले.

मित्रांनो, जुनी वस्तू देताना पुसून, प्रेमाने द्या. घेतलीत तर देणाऱ्याला विसरू नका. लोक म्हणतात, मी विकली गेले. छे! मी सासरी आले. माझं माहेर तेवढं आता पुण्यात आहे.