अकरावी सुई

बाल्टिमोरच्या एका इस्पितळात कोकेन टोचून हृदयावर काय होतं ते बघण्याच्या प्रयोगासाठी मी, ओडेसा प्रुइट, स्वतःहून नाव दिलं होतं. वीस वर्षांचं व्यसन माझं. दहा सुया झाल्या होत्या. दर वेळी छातीला तारा, दंडाला पट्टा आणि नर्स वर्नेलचं तेच वाक्य, "नको असेल तर नाही म्हणा, ओडेसाताई."

अकराव्या सुईला अशा प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीचे डॉक्टर हॅलोरन बघायला आले. मी म्हणजे जणू पलंगाचा पाय, अशा थाटात ते वर्नेलला म्हणाले, "हृदयावर लक्ष ठेवताय, ते ठीक. पण समोर माल असताना व्यसनी माणूस नाही म्हणूच शकत नाही. मग त्याच्या संमतीला काय अर्थ?"

माझं टाळकं सटकलं. सुई भरून तयार होती. तिच्या नुसत्या दर्शनाने तळहात घामेजले होते, तोंड कडू झालं होतं.

"वर्नेल, तारा काढ. आज नको."

वर्नेलने सुई झाकली आणि तारा सोडवायला घेतल्या.

डॉक्टरांनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. "अहो बाई, असं काय करता? मी वॉशिंग्टनहून मुद्दाम हे बघायला आलोय. आजच्या दिवस घ्या ना."

"नको म्हटलं ना."

"काही होणार नाही हो, अगदी सुरक्षित आहे."

मी शर्टाची बटणं लावली.

"नाही म्हणणं मला जमलं, डॉक्टर. ते ऐकून घेणं नेमकं कोणाला जमलं नाही, तेवढं समितीला कळवा."